डाव्या सीटचा हॉर्न

गॅरेजवाल्याकडे किस्से जमवावे लागत नाहीत. ते ऑइलच्या डागांसारखे असतात, कितीही पुसा, संध्याकाळी नवे पडलेलेच! आणि गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या आमच्या गॅरेजमध्ये ती जपानी गाडी आल्यापासून तर विचारूच नका.

ही साधी गाडी नव्हे हो. चाळीसेक वर्षांपूर्वी जपानच्या एका कारखान्यानं डोंगरातल्या रॅलीसाठी आपली खास टीम पाठवली होती, त्या टीमची गाडी. कारखान्यात हातानं बांधलेली. रॅलीत ती दगडावर आपटली आणि भारतातच राहून गेली. या हातातून त्या हातात फिरत तिरोड्याच्या एका राइस मिलवाल्यांकडे आली. रहांगडालेसाहेब म्हणजे शौकीन माणूस. ते होते तोवर जिल्ह्यातला एकही कच्चा रस्ता त्यांनी सोडला नाही. ते गेले आणि गाडी मिलच्या मागच्या शेडमध्ये कोंड्याखाली गेली.

तिला माझ्याकडे घेऊन आल्या त्यांच्या मिसेस, विमलताई. वय सत्तरच्या पुढं, पण आवाज खणखणीत.

"भाऊ, गाडी चालू करा. मी चालवीन."

सोबत मुलगा नितीन. नागपूरला इंजिनिअर. तो म्हणाला, "भाऊ, गाडी चालू करा. मुंबईचं गिऱ्हाईक आहे, विकायची आहे."

घ्या! एक गाडी, दोन मालक. मी म्हटलं, "आधी तिला खोकू तर द्या!"

* * *

गोंदिया जिल्ह्यात कार्बोरेटर माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळत असेल तर त्यानं समोर यावं. मी वाट पाहून राहिलोय, अजून कोणी आलं नाही. पहिल्यांदा स्टार्ट झाली तेव्हा तिच्या आवाजानं समोरच्या किराणा दुकानातले लोक बाहेर आले. इंजिन बघितलं, चार मोठे लाइट बघितले, आतला लोखंडी पिंजरा बघितला. मी छाती फुगवून उभा, की आता कोणीतरी काहीतरी विचारेल!

एका काकांनी विचारलं, "अॅव्हरेज काय देते?"

मी खरं ते सांगितलं, लिटरला चार किलोमीटर.

काका म्हणाले, "मंग इले तुमी चालवता का, का हे तुमाले?"

* * *

डेंटिंग-पेंटिंग आमच्या दामूकडे. दामूनं हात लावलेल्या गाडीत तोंड पाहून भांग पाडता येतो. फक्त त्याला अर्धवट काम खपत नाही. गाडी सगळी लाल, बोनेट मात्र काळं आणि एकदम मंद, बिनचमकीचं. दामूला वाटलं, जपानी पेंटरचा दिवस संपला असेल, काम राहून गेलं बिचाऱ्याचं. मी तुमसरला पार्ट आणायला गेलो होतो, तेवढ्यात पठ्ठ्यानं बोनेटवर लॅकर मारून, घासून, आरसा करून ठेवला!

दुपारी मी ट्रायलला निघालो. बालाघाट रोडला गाडी वळली आणि सूर्य बोनेटवरून थेट माझ्या डोळ्यांत. काही दिसेना! एक म्हैस, एक सायकलवाला आणि मी, तिघं देवाच्या कृपेनं वाचलो.

परत येऊन ओरडलो, "अबे, उन्हानं डोळे दिपू नयेत म्हणून ते बोनेट तसं असते!"

दामू सँडपेपर घेऊन बसला. घासता घासता म्हणाला, "भाऊ, चमक आनली म्हनून शिव्या खाऊन राहिलेला पेंटर दुनियेत मी एकटाच असन."

* * *

सगळ्यात छळलं हॉर्ननं. स्टिअरिंगवर बटण नाही, डॅशबोर्डवर नाही. वायर तर जिवंत! मी गाडीची सगळी वायरिंग उसवली, पण बटण काही सापडलं नाही. शेवटी म्हटलं जाऊ दे, नवीन बसवू.

विमलताई काम बघायला आल्या, सवयीनं डाव्या सीटवर बसल्या आणि पाय लांब केले. पोंऽऽऽ! बोनेटमध्ये वाकलेल्या दामूचं डोकं वर आपटलं.

"तुमाले ठाऊक नाई?" ताई म्हणाल्या. "ड्रायव्हरचे हात रिकामे नसते ना. हॉर्न बाजूवाल्यानं मारायचा, पायानं."

मॅटखाली बटण! मी ती मॅट झटकली होती, बरं का. खाली पाहिलं नव्हतं.

मग ताई समोर बघत म्हणाल्या, "नितीनचे बाबा गाडी पळवत आन् मी हॉर्न मारो. किती वर्षं! मी ट्रॅक्टर चालवला, मिलची जीप चालवली. पन या गाडीचं स्टिअरिंग त्यायनं मले कधी देल्लं नाई. एकदा तरी त्या सीटवर बसायचं आहे भाऊ."

मला भरून आलं. त्या दिवशी मी मनात ठरवून टाकलं की आपलं गिऱ्हाईक कोण.

* * *

मुंबईचे साहेब आले ते हातमोजे घालूनच. गाडीत बसले. मी म्हटलं, "साहेब, हिचा पहिला गिअर..."

त्यांनी हात वर केला. "आय नो धिस मशीन."

आता या गाडीत गंमत अशी, की आपल्या गाड्यांत जिथं पहिला गिअर असतो, तिथं हिचा रिव्हर्स आहे. पहिला डावीकडे खाली. साहेबांनी रुबाबात गिअर टाकला, अॅक्सिलरेटर दाबला, आणि गाडी सुसाट मागं! कुंपण तोडून थेट शेजारच्या टेंभरेकाकांच्या धानाच्या पुंजण्यात, म्हणजे कापून रचलेल्या पेंढ्यांच्या ढिगात.

टेंभरेकाका धावत आले. "साहेब, मळनीले मी ट्रॅक्टर सांगतला होता!"

घामाघूम झालेल्या साहेबांनी ब्लोअर लावला. मिलमधला इतक्या वर्षांचा कोंडा भसकन तोंडावर! पांढरा शर्ट, टोपी, मिशा, सगळं एका रंगाचं झालं.

दामू खिडकीत वाकून म्हणाला, "गाडीसंगं कोंडा फ्री आहे साहेब."

पण माणूस दिलदार हो. खोकत खोकत खाली उतरले आणि म्हणाले, "गाडीत दम आहे. मी घेतो."

माझं तोंड उतरलं. तेवढ्यात नितीनसोबत बसलेल्या ताईंनी चहाचा कप खाली ठेवला, गाडीत बसल्या, गिअर डावीकडे खाली ओढला आणि पुंजण्यातून गाडी अलगद बाहेर काढून दारात उभी केली. डाव्या सीटवरून त्यांनी वर्षानुवर्षं तो गिअर पडताना पाहिला होता!

नितीन बघतच राहिला. मग म्हणाला, "आई, अंगणात चालवणं वेगळं. केशोरीपर्यंत नेऊन दाखव. मी बाजूला बसतो. जमलं तर ठेवू, नाही तर साहेबांना देऊ."

केशोरी म्हणजे ताईंचं माहेर. सगळा जंगलातला, वळणांचा रस्ता.

* * *

रविवारी मी आणि दामू जीपनं पुढं गेलो आणि केशोरीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसलो. दामू सारखा रस्त्याकडे बघत होता. "भाऊ, गाडी बंद पडन तं?"

"माझा हात लागलेली गाडी आहे," मी म्हटलं. पण चहा माझाही थंड झाला होता.

तेवढ्यात लांब जंगलातून हॉर्न ऐकू आला. थांबला. पुन्हा वाजला. मग थांबेचना!

टपरीवाला म्हणाला, "वरात येऊन राहिली का?"

धूळ उडवत लाल गाडी आली आणि टपरीसमोर थांबली. ताईंचा चेहरा काय सांगू, लग्नातल्या फोटोतही एवढा खुलला नसेल! गाडी थांबली, पण हॉर्न काही थांबला नाही. दामूनं डावं दार उघडलं. नितीन सीटला चिकटून बसलेला, दोन्ही पायांनी नसलेला ब्रेक दाबत. दामूनं एकेक पाय उचलून बाहेर ठेवला, तेव्हा कुठं शांतता झाली.

तांब्याभर पाणी प्यायल्यावर नितीननं मुंबईला फोन लावला. "साहेब, माफ करा. गाडी विकायची नाही... नाही नाही, किमतीचा प्रश्न नाही. आईची आहे ती."

माझे डोळे ओले झाले. दामू तर तोंड फिरवून उगाच बोनेट पुसत होता.

ताईंनी खिडकीतून हाक मारली. "झालं का रे बोलून? चाल, मामाकडं जेवू आन् लगेच निघू. येतानी मी जरा दबकतच चालवली."

नितीन माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं,

"भाऊ, केशोरीहून बस असते ना?"