तुटलेल्या तारेची खूण

या सदरातले वाचकांचे अतर्क्य अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगते — प्रत्येक अनुभव वाचून झाला की मनातल्या मनात त्याचं कारणही शोधत आले आहे. कुणाला ताप असेल, कुणाची झोप झाली नसेल, कुणाला गोष्ट रंगवायची हौस असेल... मी कविता शिकवते, म्हणून ओळखीच्यांना वाटतं, हिचा असल्या गोष्टींवर चटकन विश्वास बसत असेल. प्रत्यक्षात उलट आहे. शब्दांनी माणसाला काय काय दाखवता येतं हे रोज पाहत असल्यामुळे मी ऐकीव गोष्टींपासून थोडं अंतर राखूनच असते. आजही राखते. फक्त एका दुपारीपुरतं ते अंतर मला राखता येत नाही.

माझं माहेर इंदूरचं, अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूचं. वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणतो — तिथल्या एका कापड मिलमध्ये साचेखात्यात होते. साचेखातं म्हणजे जिथे मागांवर — तिथे त्यांना साचे म्हणत — कापड विणलं जातं तो भाग. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी दोनदा-तीनदा आत गेले होते. तो आवाज कानांनी ऐकायचा नसे. तो दातांत, बरगड्यांत, पायांखालच्या फरशीत शिरे. शेजारी उभ्या माणसाने ओरडून काही सांगितलं तरी त्याचे नुसते ओठ हलताना दिसत. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. जॉबर म्हणजे मुकादम येतोय, चहा आला, बॉबिन संपलं, घरी निघालो — सगळ्याला खुणा होत्या. आणि सर्वांत महत्त्वाची खूण होती तुटलेल्या तारेची. ताण्याची तार, म्हणजे कापडातला उभा धागा, तुटली आणि साचा चालूच राहिला तर वारभर कापड वाया जाई. म्हणून दोन्ही तर्जन्यांची टोकं एकमेकांना टेकवायची, झटक्याने दूर न्यायची, आणि मग दोन्ही पंजे खाली दाबायचे. तार तुटली, थांबव.

आईच्या शिलाई मशीनचा दोरा तुटला की अण्णा खाटेवर बसल्या बसल्या हीच खूण करीत. आई म्हणे, "दिसतंय मला, मी काही बहिरी नाही." आम्ही भावंडं खदखदून हसत असू.

मग मिल बंद झाली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग फाटकाला कुलूप. अण्णांचे सोबती पांगले. कुणी ऑटो घेतली, कुणी सांवेर रोडच्या कारखान्यांवर चौकीदारी धरली. शहरात नव्या गाड्या आल्या, काचांची दुकानं आली. अण्णांना तोवर फारच कमी ऐकू येऊ लागलं होतं, तरीही त्यांनी हातांनी बोलणं सोडून दिलं. कुणाशी बोलणार? घरात आम्ही जोरात बोलायचो, ते मान डोलवायचे.

ही गोष्ट त्यानंतर दहाएक वर्षांनी घडली. हिवाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या मुलीला, मुक्ताला घेऊन नाशिकहून इंदूरला गेले होते. ती तेव्हा नऊ वर्षांची. माझा धाकटा भाऊ नंदू सांवेर रोडवरच्या एका पॅकेजिंग युनिटमध्ये सुपरवायझर. त्याला कुठूनसं कळलं होतं की गौतमपुऱ्याच्या वाटेवर एका शेतकऱ्याने शेतातच हॉटेल काढलंय आणि तिथे 'क्वाड बाईक' मिळतात. फुगीर टायरांची, चार चाकांची ती मोटारसायकल तेव्हा आमच्यासाठी टीव्हीतच दिसणारी चीज होती.

"हे काय?" अण्णांनी विचारलं. "ट्रॅक्टरचं पिल्लू?"

"इम्पोर्टेड पिल्लू आहे, अण्णा," नंदू त्यांच्या कानाशी ओरडला.

सोबत येणारे गाईड होते कैलाश भिया — चाळिशीचे, गळ्यात लाल गमछा, तोंडात बडीशेप. "देखो दीदी, अपना हिसाब सीधा है. अंगूठे से रेस, हाथ से ब्रेक. प्यार से दबाओगे तो गाय, ज़ोर से दबाओगे तो सांड." मी बिचकले. नंदू लगेच सुरू झाला, "ताई, काय यार, घाबरते काय तू? कॉलेजात मोपेडवर अख्खं इंदौर फिरली ना?"

"मामा, आई फार हळू चालवेल," मुक्ता म्हणाली. "म्हणजे मजाच गेली."

या टोमण्यामुळेच मी चढले असेन. मुक्ता मागे बसली, माझ्या कमरेला मिठी घालून. अण्णा निंबाखालच्या खाटेवर मफलर तोंडावर ओढून आडवे झाले. नंदू त्यांच्याजवळ पेरू कापत राहिला. कैलाश भिया पुढे, आम्ही मागे.

ती सुरुवात मला अजून जशीच्या तशी आठवते. गव्हाला नुकतं पाणी दिलेलं होतं. ओल्या काळ्या मातीचा गार, जड वास. हरभऱ्याच्या पानांवरची आंब वाऱ्याबरोबर ओठांवर येत होती. ऊन कोवळं नव्हतं, पण मऊ होतं — धुतलेल्या धोतरासारखं. आणि त्या सगळ्यावर इंजिनाचा अखंड घोष, मांड्यांमधून पाठीच्या कण्यात चढणारा. हेल्मेटच्या आत माझाच श्वास मला मोठा ऐकू येत होता. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

थोडं पुढे गेल्यावर कैलाश भियांची गाडी खोकली आणि बंद पडली. मी शेजारी थांबले. त्यांनी सीट उचलून आत पाहिलं, एक पाइप ओढून पाहिला. "कचरा आ गया. आप निकलो दीदी, सीधा रस्ता है. तूर के खेत से मुड़ के आगे बबूल है, उसके नीचे रुकना. मैं आया." मी रस्त्याबद्दल पुन्हा विचारलं. ते हसले. "अरे, कल शाम को ही निकला हूँ इधर से. आप तो जाओ."

आम्ही निघालो. आता पुढे कुणीच नव्हतं. समोर मोकळी गाडीवाट. मुक्ता पाठीवर थोपटून "जोरात, जोरात" करत होती. मी अंगठा दाबला. लपवत नाही — मलाही आवडू लागलं होतं.

तुरीचं शेत उजव्या हाताला आलं. उंच, दाट, पिवळ्या फुलांचं. वाट त्याला वळसा घालत होती आणि वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. वळणात शिरताच मला वास आला. हे मी आज इतक्या वर्षांनी, पूर्ण विचार करून लिहिते आहे — त्या शेतात मला गरम खळीचा आणि मशीनच्या तेलाचा वास आला. सुताला खळ देतात, ती शिजतानाचा आंबूस, कोंदट वास. अण्णांच्या शर्टाचा, माझ्या सगळ्या बालपणाचा वास.

आणि समोर, वाटेच्या मधोमध, एक माणूस उभा होता.

मध्यम वयाचा, किडकिडीत. अंगात बंडी, खाकी पॅन्ट घोट्यापर्यंत दुमडलेली. केसांवर, भुवयांवर पांढरं काहीतरी — मला आधी धूळ वाटली, पण तो कापसाचा भुरा होता, पाळी सुटल्यावर अण्णांच्या केसांत असायचा तसा. त्याचा चेहरा मी पाहिला, पण तो मला ओळखीचा नव्हता, आणि आज आठवूनही कुणाचा वाटत नाही. त्याने दोन्ही हात कपाळाच्या उंचीवर नेले. तर्जन्या टेकवल्या. झटक्याने दूर नेल्या. पंजे खाली दाबले.

मी विचार केला नाही. एवढंच सांगू शकते. डोक्याने त्या खुणेचा अर्थ लावण्याआधी माझा अंगठा सुटला होता आणि बोटांनी ब्रेक आवळला होता. गाडी तिरकी घसरली, मातीत रुतली, थांबली. मुक्ताचं हेल्मेट माझ्या पाठीवर आपटलं. मी खाली पाहून किल्ली फिरवली. मान वर केली तेव्हा वाटेत कुणी नव्हतं.

वाटही नव्हती.

आमच्या पुढच्या चाकांपासून जेमतेम खाटेच्या लांबीवर जमीन संपली होती. वाटेला लागून एक जुनी, कठडा नसलेली विहीर होती. तिची कड आदल्या रात्री केव्हातरी ढासळली होती आणि तिने निम्म्याहून अधिक वाट आत ओढून घेतली होती. मी उतरून, गुडघ्यांवर रांगत, कडेपर्यंत गेले. खोल खाली हिरवंकाळं पाणी. मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि ते पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

तो माणूस जिथे उभा होता, तिथे जमीनच नव्हती.

मी परत येऊन मुक्ताला घट्ट धरलं. इतकं घट्ट की ती कळवळली. तिने काहीच पाहिलं नव्हतं. धुळीमुळे तिचं तोंड माझ्या पाठीत खुपसलेलं होतं. पण हेल्मेट काढत ती म्हणाली, "आई, इथे इस्त्रीवाल्याच्या दुकानासारखा वास का येतोय?"

कैलाश भिया मागून आले. गाडीवरून उतरले, विहीर पाहिली, आणि तो बोलका माणूस तिथेच उकिडवा बसला. "मेरी ग़लती है, दीदी... आगे मुझे रहना था... कल तक तो साबुत था ये," एवढंच ते पुटपुटत राहिले. मग उठून त्यांनी बाभळीच्या काटेरी फांद्या ओढून वाट अडवली आणि आपला लाल गमछा त्यांवर बांधला. मी त्यांना विचारलं, इथे कुणी माणूस दिसला का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आजूबाजूच्या ओल्या गव्हातून कुणी चालत गेलं असतं तर दिसलं असतं, तुरीत शिरलं असतं तर झाडं हलली असती.

परतलो तेव्हा अण्णा खाटेवर उठून बसले होते. नंदू म्हणाला, ते सगळा वेळ घोरत होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं — ओठ स्पष्ट हलवत, सावकाश. माणसाचं वर्णन केलं. खूण करून दाखवली. मला वाटलं होतं ते घाबरतील, किंवा विचारतील कोण होता. त्यांनी ते विचारलंच नाही.

"हात किती वर होते?"

"कपाळापाशी."

"म्हणजे लांबच्या साच्यावरून सांगत होता. मग तू जवाब दिला का?"

"कसला जवाब?"

अण्णांनी उजव्या हाताची मूठ कपाळाला टेकवली आणि हात समोर मोकळा सोडला. दहा वर्षांत मी त्यांचा हात असा उठलेला पाहिला नव्हता. "समजलं, असं सांगायचं असतं बेबी. आपला साचा असो की दुसऱ्याचा, ज्याला तार दिसली त्याने सांगायचं. आणि समोरचा जवाब देईपर्यंत हात खाली नाही करायचा. असाच कायदा होता खात्यात."

"अण्णा, जाने दो ना," नंदू म्हणाला. "पोरगी वाचली, अजून काय पाहिजे? घरी चला."

"वाचली ना? मग जवाब नको द्यायला?" अण्णा चपला शोधू लागले. "तो उभा असेल तिकडे."

"पण अण्णा, मी मान वर केली तेव्हा तिथे कुणीच नव्हतं."

"तुला दिसत नाही म्हणून तो गेला, असं कुणी सांगितलं तुला?"

नंदू मुक्ताला घेऊन मागे थांबला. कैलाश भियांनी ट्रॅक्टर काढला. त्यांनी स्वतःच अण्णांना हात देऊन वर चढवलं. मला वाटतं, त्यांनाही त्या जागी पुन्हा एकदा जायचंच होतं.

काटेरी फांद्यांच्या अलीकडे आम्ही उभे राहिलो. ट्रॅक्टर बंद झाल्यावर एवढी शांतता पसरली की तुरीच्या शेंगा एकमेकींवर घासताना ऐकू येत होत्या. वास नव्हता. माणूस नव्हता. मी मूठ कपाळाला टेकवली. मला फार अवघडल्यासारखं होत होतं — पोक्त बाई, कॉलेजात शिकवणारी, एका पडक्या विहिरीसमोर हातवारे करतेय.

"नीट कर," अण्णा बाजूने म्हणाले. "हात पूर्ण सोड. त्याला लांबून दिसलं पाहिजे."

मी पुन्हा केलं. हात पूर्ण सोडला. आणि कुठलंही कारण नसताना मला रडू फुटलं. भीतीचं नव्हतं ते. लहान मूल हरवून सापडलं की आई ज्या रडण्याने रडते, तसं होतं. अण्णा बराच वेळ समोर पाहत राहिले. मग त्यांनी मान किंचित खाली झुकवली — साचेखात्यात कुणाला निरोप पोचल्यावर झुकवत असतील तशी — आणि कैलाश भियांकडे वळून म्हणाले, "चलो भिया. हो गया."

त्यांना काय दिसलं, हे मी पुढे कितीतरी वेळा विचारलं. ते दर वेळी म्हणत, "काही नाही. पण झालं ना काम?"

मी त्यानंतर आपल्या परीने कारणं शोधली. ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की डोळ्याने ओझरती पाहिलेली ढासळलेली कड मेंदूने जुन्या आठवणीच्या रूपात दाखवली असेल. असेल. पण वास वळणात शिरतानाच आला, तेव्हा ती कड दिसूच शकत नव्हती, आणि मुक्ताला तर मिलची कसलीच आठवण नव्हती. मग तिला तो वास कसा आला? तो माणूस कोण, त्याला आमच्यासाठी हात वर करावा असं का वाटलं, यांचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर मला ऐकायला आवडेल, पण मी त्यासाठी अडून बसलेली नाही.

त्या संध्याकाळी इंदूरला परतताना मुक्ता गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिच्या केसांत धूळ होती, नाकावर हेल्मेटचा वळ होता, तोंड अर्धवट उघडं होतं. माझा पाय पार बधिर झाला. नंदू दोनदा म्हणाला, "ताई, तिला इकडे दे." मी दिलं नाही.