वाटणीचा कागद उडवणाऱ्या काकाले

काका, आमच्या वाटणीचा कागद दाबून बसले, आन वरून आज माझ्या आईलेच म्हणता, "कागद दाखवा वहिनी, मंग धानाच्या बांधीत पाय ठेवा"? मूळ कागद तुमच्याच पेटीत हाय. दिवाळीत माझा फोन मागून त्यातला कागदाचा फोटो तुमच्या पोरानं उडवला, तेही मले माहीत हाय.

पण मित्रहो, मी पासवर्ड मॅनेजर वापरतो. त्यात पासवर्डसंगं फाइलही कुलपात राहते. कागदाचा दुसरा फोटो तिथं होताच. सुरतेत बसून आत्ताच गावच्या ग्रुपवर टाकला, काकाच्या सहीसकट.

लगेच काकाचा फोन. "घरची गोष्ट चारचौघांत कायले नेतं बाबू?"

आता घर आठवलं!

पोरहो, तुमचे कागद अजून गॅलरीतच हायत का?

काका, आता बांधीची सरकारी मोजणी होणारच. आईले मोजणीच्या फीसाठी आठ हजार पाठवून राहिलो.