वैद्यांची दोन बोटं

त्यांना सगळे वैद्य म्हणत. औषधांशी त्यांचा संबंध एवढाच, की ती ते वेळेवर घेत नसत. धंदा गाड्यांच्या वायरिंगचा. इंजिन चालू ठेवायचं, उजव्या हाताची दोन बोटं वायरीवर टेकवायची आणि नाडी बघावी तशी सरकवत न्यायची, ही त्यांची रीत. जोड सैल असला की तिथे वायर तापते, आणि ते तापणं त्यांच्या बोटांना लगेच कळायचं. रस्त्यापलीकडे एकजण मीटर लावून तेच काम करायचा. त्याची टिंगल केल्याशिवाय वैद्यांना बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नसे. आकडा बघितल्याशिवाय त्याला स्वतःचा तापसुद्धा कळायचा नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

साखर निघाल्यापासून बोटांना मुंग्या यायच्या. गेल्या वर्षी त्या थांबल्या. वैद्य इतके खूश झाले, की गोळ्या न घेताच आजार पळाला म्हणून त्यांनी बायकोला चार वेळा ऐकवलं आणि डॉक्टरांकडे जाणं बंद केलं. त्यानंतर ती त्यांचा चहाचा कप पुढे करण्याआधी स्वतः हात लावून बघू लागली. का, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

त्या दुपारी त्यांचा मेहुणा टॅक्सी घेऊन आला. गाडी गर्दीत उभी राहिली की तापते, रेडिएटरचा पंखा फिरतो पण मेल्यासारखा, अशी त्याची तक्रार. वैद्यांनी पंख्याला बॅटरीवरून सरळ वायर दिली, तर तो घोंघावत सुटला. म्हणजे मोटर ठणठणीत होती. फ्यूज धड होता. पंख्याला वीज सोडणारा रिले बदलून पाहिला, तरी पंखा पुन्हा रडतखडतच. आता राहिली वायर. त्यांनी बॉनेटखाली वाकून रिलेपासून पंख्यापर्यंत बोटं फिरवली. थंड. पुन्हा फिरवली, पुन्हा थंड.

"वायरीत काही नाही," ते म्हणाले. सोमवारी शाळेच्या व्हॅनवाल्या बाईंनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. बॉनेटमधून जळका वास येतो म्हणून बाई आल्या होत्या, आणि यांनी बोटं फिरवून त्यांना खुशाल जायला सांगितलं होतं.

मेहुणा शेजारी उभा राहून नाक फेंदारत होता. प्लास्टिक जळल्याचा वास कुठून येतोय ते बघायला त्यानं हात आत घातला. पंख्याजवळ दोन वायरी एकमेकींत बसवणारा कपलर असतो, त्याला बोट लागताच त्यानं झटक्यात हात बाहेर ओढला.

"दाजी, हे केवढं तापलंय!"

वैद्यांनी त्याच कपलरवर बोटं ठेवली. काही नाही. दाबून धरली. मेहुण्यानं मनगट पकडून त्यांचा हात बाजूला ओढला. बोटांच्या टोकांची कातडी पांढरी पडली होती. वैद्यांनी चष्मा लावला, तेव्हा कपलरचं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं. आतली पिन सैल होती. एवढा साधा फॉल्ट, नुसतं बघूनही दिसणारा.

बोटांना कधीपासून कळत नाही, म्हणून मेहुण्यानं विचारलं. वैद्यांना मुंग्या थांबल्याचा आनंद आठवला; तेव्हा बोटं बरी झाली नव्हती, बधिर झाली होती. मग व्हॅन आठवली.

त्यांनी बाईंना फोन लावला. शाळा नुकतीच सुटली होती.

"मुलं बसलीत का?"

"बसतायत. का हो?"

"सगळ्यांना उतरवा. चावी काढून घ्या. मी येतोय."

फोन ठेवून ते रस्ता ओलांडून मीटरवाल्याच्या दुकानात गेले. इतक्या वर्षांत ती पायरी ते कधी चढले नव्हते. व्हॅन बघायला चल, एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघून त्यानं लगेच मीटर उचलला आणि दोघे वैद्यांच्या गाडीतून निघाले.

शाळेच्या भिंतीपाशी मुलं दप्तरं घेऊन उभी होती, घरी जायला उशीर होतोय म्हणून कुरकुरत होती. मीटरवाल्यानं बॉनेट उघडलं. मीटर लावायची वेळच आली नाही. पंख्याच्या वायरीचं वेष्टण वितळून तांबं उघडं पडलं होतं, आणि त्याला खेटून पेट्रोलची नळी गेली होती.

बाईंनी त्या नळीवरून नजर वैद्यांकडे वळवली.

"तुम्ही तपासलं होतंत ना?"

"माझ्या बोटांना काही कळत नाही," वैद्य म्हणाले. "वर्ष झालं असेल."

बाईंनी सगळ्यांत लहान मुलीला कडेवर घेतलं आणि तिला घेऊन व्हॅनपासून लांब गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर वैद्यांना बरं वाटलं असतं.

मीटरवाला बॅटरी सोडवत होता. आपण घरी जा, पुढचं मी बघतो, असं तो आदरानं म्हणाला, आणि तो आदर वैद्यांना फार लागला. वर्षभरात आपण किती बॉनेटं बंद करून लोकांना खुशाल जायला सांगितलं, हे ते आठवू लागले. चेहरे आठवत होते, गाड्या आठवत होत्या, पण कुठल्या वायरीवर बोटं फिरवली ते काही केल्या आठवेना.

"दुकानाच्या किल्ल्या तुझ्याकडे ठेव," ते मीटरवाल्याला म्हणाले. "मी एकेका गिऱ्हाइकाला परत बोलावतो. तू बघ."