भात बंद, भाकरी चालू

साखर उतरल्याशिवाय मोतीबिंदूचं ऑपरेशन करणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि माझा उजवा डोळा साखरेच्या मर्जीवर राहिला. काल्हेरच्या गोदामात खोक्यांवरचे नंबर वाचून माल सोडायचा, हे माझं काम. नंबरच दिसेनासे झाले तर शेठ मला किती दिवस ठेवून घेणार? या धास्तीनं माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

साखरेच्या डॉक्टरीणबाई तरुण, सोलापूरकडच्या. म्हणाल्या, "काका, गोळी आहे तीच राहू दे. भात बंद करा, भाकरी खा. जेवल्यावर चाला, वेळेवर झोपा."

आमच्याकडे भाताशिवाय जेवण झालं असं कुणी मानत नाही. तरी मी भात सोडला. चहा बिनसाखरेचा केला. जेवून गच्चीवर फेऱ्या मारू लागलो, कारण खाली ट्रकांच्या गर्दीत चाललो असतो तर साखरेआधी मीच कमी झालो असतो. बायको गरम भाकऱ्या थापायची आणि कालवणाबरोबर वाढायची. "पोटभर खा. डॉक्टरनीच सांगितलंय," म्हणायची. मीही औषध समजून एक जास्तच घ्यायचो.

पुढच्या तपासणीत साखर होती तिथेच होती.

"खरं सांगा, गोदामावर काय खाता?" बायकोनं विचारलं.

"काय न्हाय खात."

"मग ही येते कुठून?"

मला तरी कुठं माहीत होतं? शेजारी कापडाचे लूम चालवणारे भाई म्हणाले, "चाचा, करेले का रस पीजिए." तोही प्यायलो. तोंड कडू झालं, साखर हलली नाही. गच्चीवर चालताना मी स्वतःवरच संशय घ्यायला लागलो. कुणी हातावर पेढा ठेवला, मी खाल्ला आणि विसरलो, असं तर होत नसेल? आणि खाल्लेलंही आठवत नसेल, तर डोळ्याबरोबर डोकंही दाखवावं लागणार होतं.

पुढच्या वेळी बायको पाळत ठेवल्यासारखी बरोबर आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भाकरी कशाची खाता?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भाकरी कशाची म्हणजे?

"तांदळाची," बायको म्हणाली, लहान मुलाला समजवावं तशी.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो काकू, मग तो भातच झाला की. मी ज्वारीची म्हणत होते."

त्यांच्याकडे भाकरी म्हटलं की ज्वारीची, आमच्याकडे तांदळाची. दोन्हीकडे विचारायची कुणाला गरजच वाटली नव्हती. रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यावरचा चोरीचा आळ गेला म्हणून मला हसू आलं. बायको मात्र पदरानं डोळे पुसत होती. "म्हंजे तुमचा डोळा मीच अडवून ठेवला," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी तिनं ज्वारीचं पीठ मळलं. तांदळाच्या उकडीची सवय असलेल्या तिच्या हाताला ते ऐकेना. भाकरी तव्यावर टाकताना फाटली. तिनं तुकडे माझ्या ताटात ठेवले, भाजी जास्त वाढली आणि समोर बसून राहिली.

"पुरे ना?" तिनं हळूच विचारलं.

एवढ्या वर्षांच्या संसारात ती मला नेहमी 'आणखी घ्या' म्हणत आली होती. मी पुरे म्हटलं आणि गच्चीवर गेलो.