हिल्काच्या पाठीवरच्या पट्ट्या

हिल्का तोस्सावाइनेनचा नवा, धातूचा गुडघा दीड वर्षाचा झाला, तरी तिच्या अंगाशी त्याचं काही जमेना. क्ष-किरणात सगळं जिथल्या तिथे. जंतूंची लागण नाही, सांधा ढिला नाही. पण गुडघा सदा सुजलेला आणि वरची कातडी खाजून लाल. वार्काउस गावच्या कागद कारखान्यातल्या खानावळीत या बाईने उभ्याने जन्म काढला होता, दुखणं तिला नवं नव्हतं. पण हे दुखणं कुणा परक्याचं आहे आणि आपण ते उगाच वाहतोय, असं तिला वाटे. त्यानेच ती थकली होती.

तरुणपणी स्वस्तातली कर्णफुलं घातली की आपले कान चिघळायचे, असं तिने सहज सांगितलं, तेव्हा कुठे डॉक्टर खुर्चीत सरळ बसला.

"म्हणजे निकेल सोसत नसेल तुम्हाला. सांध्यात ते थोडं असतं. कोबाल्ट, क्रोमही असतं. पाठीवर तपासणी करू. ती पक्की निघाली तर वेगळ्या लेपाचा सांधा बसवायचा विचार करता येईल. नुसत्या खाजेवर कोणी गुडघा पुन्हा उघडत नाही."

मंगळवारी सातू नावाच्या नर्सने तिच्या पाठीवर धातूंच्या बारीक टिकल्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. "गुरुवारपर्यंत पाणी नाही, घाम नाही. आणि सौना तर अजिबात नाही. तुम्ही सगळे इथे माना डोलावता आणि बुधवारी खुशाल जाऊन बसता!"

बुधवार नि शनिवार हे सौनाचे, म्हणजे वाफेच्या न्हाणीचे दिवस. हिल्काचा नवरा ताइस्तो दोन हिवाळ्यांपासून एकेक गोष्ट विसरत चालला होता, पण सौना तापवायला मात्र चुकत नव्हता.

"आज मी येणार नाही रे. पाठीला औषध लावलंय."

"बरं," तो म्हणाला. लाकडं घालून आला आणि म्हणाला, "चल, तापली."

"किती वेळा सांगू? नाही येत."

"रुसलीस?"

"या वयात रुसून कुणाला दाखवू?"

तो आत गेला. पेटत्या चुलीपाशी त्याला एकट्याला कसं सोडायचं, म्हणून ती बाहेरच्या खोलीत पाय लांब करून बसली. आतून काहीच आवाज येईना, तापल्या दगडांवर पाणी टाकल्याचासुद्धा. घाबरून तिने दार उघडलं. तो वरच्या फळीवर पाठ घासायचा ब्रश घेऊन तिची वाट बघत होता.

मग तिने झगा काढला आणि सगळ्यात खालच्या, वाफ कमी लागणाऱ्या फळीवर टेकली. खालच्या फळीवर बसणं म्हणजे काही सौना नव्हे, असं त्या गावात कोणीही शपथेवर सांगेल.

"हिल्का," तो म्हणाला, "पाठीला हे काय चिकटवलंय गं कुणी?"

नाताळपासून त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. कधी तो तिला आपली बहीण समजे, कधी कामाला आलेली बाई.

"टोचतं का? थांब, काढतो." कोमट पाण्याने भिजवून, तिला लागू नये म्हणून हलक्या हाताने तो एकेक पट्टी सोडवू लागला. एका शब्दाने थांबला असता. तो शब्द तिच्या ओठांवर आला होता. गुडघा ठणकत होता. तिने पाठ आणखी त्याच्याकडे केली आणि रडली.

गुरुवारी सातूने ती पाठ बघून कपाळावर हात मारला. "कुणी काढल्या?"

"नवऱ्याने."

"त्यांना सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. पण मीच काढू दिल्या."

"सगळी कातडी लाल झालीय. यातून काय कळणार? आता पुढचा नंबर सप्टेंबरात. तोवर गुडघा हा असाच. निदान तेव्हा तरी जपाल ना?"

"तेव्हा राहतील पट्ट्या जागच्या जागी," हिल्का सदऱ्याची बटणं लावत म्हणाली. "तोवर ही पाठ कुणाची, ते त्याला ठाऊक नसेल."