भिंतीकडची जागा

"वाचलीस, देवाचे उपकार मान." हे वाक्य मी आठ वर्षांची असल्यापासून ऐकते आहे आणि आता मला त्याचा संताप येतो. लातूरकडे आमच्या गावात भूकंप झाला तेव्हा गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. दगडामातीच्या जाड भिंती, वर मातीच्या जड छताचं माळवद. धाकटा भाऊ भिंतीला चिकटून झोपायचा, तिथे गार लागतं म्हणून. त्या जागेवरून आमची रोज भांडणं. त्या रात्री तो जिंकला. मला उकरून काढलं, जिवंत. त्याला काढलं ते दुसऱ्या दिवशी.

लग्न होऊन तलासरीकडे आले. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमच्याकडून इकडे आलेले शिक्षक पुष्कळ. बदली मिळाली की परत जातात. मला परत जायचंच नव्हतं. बाजारात निम्मी मराठी, निम्मी गुजराती कानावर पडायची, आणि पाड्यावरच्या बायका आपसात बोलायच्या ते तर मला काहीच कळायचं नाही. बरं वाटायचं. इथे कुणी मला "वाचलेली" म्हणून ओळखत नव्हतं. आम्ही भाड्याने स्लॅबचं घर घेतलं आणि मी दारात तुळस लावली.

मग इथली जमीन हलायला लागली. आधी खालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग भांडी वाजायची. हसू नका, पण मला वाटलं, ते मला शोधत इथवर आलं. थंडीत सगळं गाव प्लास्टिकच्या तंबूत झोपलं. धक्के कमी झाले तसे लोक घरात गेले. मी नाही गेले. बाहेर ओट्यावर बसून रात्र काढायची आणि दिवसा झोकांड्या खायच्या. भाजी करपायची, पोरीवर हात उठायचा. नवरा आधी समजावायचा, नंतर चिडायला लागला. सासू फोनवर म्हणाली, "सरकारी नोकरीचा नवरा, डोक्यावर स्लॅब. सुख टोचतंय तुला." त्या स्लॅबचंच तर भ्या वाटतं बाई, हे तिला कोण सांगणार!

जवळच्या कासा गावात एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागले. स्वभावाने चांगल्या. म्हणाल्या, रोज तीन गोष्टी आठवा, ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं. मला तीन कुठून सुचायला? एकच सुचायची. शेजारणीचं कुडाचं घर.

कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर पेंढा. धक्का आला की ते घर नुसतं करकरायचं आणि गप्प व्हायचं. पडलं असतं तरी अंगावर येणार काय, काड्या! शेजारीण आणि तिचा नवरा सकाळीच जीपने डहाणूकडे चिकूच्या वाडीत मजुरीला जायचे, पोरं शाळेत. एक दिवस मला ओट्यावर पेंगताना बघून ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे झोपा ना. घर रिकामंच असतं." त्या दुपारी तिच्या चटईवर मी जी आडवी झाले, ती थेट संध्याकाळी तिनेच उठवलं. "लई उपकार झाले," म्हटलं तर बाई वैतागली. "झोपलात, त्यात उपकार कसले?" इतकं बरं वाक्य जन्मात मला कुणी बोललं नव्हतं. मग रोज दुपारी कडी काढायची आणि तिथेच झोपायचं. हळूहळू मी माणसात आले. पोरीच्या वेण्या घालायला लागले, नवऱ्याची चेष्टा करायला लागले.

यंदा तिला घरकुल मंजूर झालं. धावपळ माझ्याच नवऱ्याने केली, आणि केली ते चांगलंच केलं; पावसात तिची पोरं गळक्या छपराखाली जागी असायची, मला माहीत आहे. मी एकदाच म्हटलं, "जुनं राहू दे की बाजूला." ती हसली. "बाजूला जागा कुठे आहे, ताई? त्याच जागेवर बांधायचंय." कूड पाडला त्या दिवशी मी पोरीला घेऊन बाजारात गेले. परत आले तेव्हा कारवी चुलीसाठी रचून ठेवलेली होती. तेव्हापासून मी पुन्हा ओट्यावर आहे.

परवा तिच्या घराची पूजा झाली. पहिला पेढा तिने माझ्या हातावर ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिचा आनंद मला दिसत होता, आंधळी नाही मी. हाताला धरून तिने मला आत नेलं. विटांच्या भिंती, वर स्लॅब, सिमेंटचा ओला वास.

"आता भ्यायचं नाही, ताई," ती म्हणाली. "पक्कं आहे." चटई आधीच अंथरलेली होती. "तुमच्यासाठी भिंतीकडची जागा ठेवलीय. गार लागतं तिथे."

मी पेढा तोंडात टाकला. "लई उपकार झाले," म्हणाले.

या वेळी ती वैतागली नाही.