पडीत जागेचा अर्ज

आमच्या घराण्यात कॉलेजात पाय ठेवणारा मी पहिला. लिहिणे हे ज्यांच्या घरी दोन पिढ्या चालत आले त्यांनी लिहावे, असे मला अजून वाटते. शिवाय लोकांसाठी म्हणून मी आजवर एकच कागद लिहिला, आणि तो कसा लिहिला तेच येथे सांगणार आहे. तरी वाचकांनी हे धाडस पोटात घालावे.

आम्ही खेड्यातून देवपुरात राहायला आलो तेव्हा तिथल्या बागेचे सर्वांत जास्त नवल आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटले. तारेच्या कुंपणात दोन झोपाळे, एक घसरगुंडी, चार बाके; आणि बागेला लागून मोठे मोकळे मैदान, थेट आग्रा रोडपर्यंत. संध्याकाळी पोरे आट्यापाट्या खेळत, बाया लेकरे घेऊन बसत. आबा मैदानाच्या कडेला उभे राहून म्हणत, "एवढी जमीन शे, अन् कोनी पेरत नही!" महिनाभराने तेही बाकावर बसू लागले, पण अगदी टोकाला, कोणी उठवील या धास्तीने.

लढाईच्या दिवसांत आग्रा रोडवर लष्करी लॉऱ्यांच्या रांगा सुरू झाल्या. शेजारच्या अक्कांचा सात वर्षांचा नातू रस्त्यात गेलेली विटी आणायला धावला आणि लॉरीच्या धक्क्याने फेकला गेला. जीव वाचला, पाय अधू झाला. तेव्हापासून आळीने ठरवून टाकले, खेळ मैदानाच्या आतल्या बाजूला, रस्त्याकडे कोणी जायचे नाही. आणि त्याच उन्हाळ्यात बातमी आली की एका व्यापाऱ्याने कापसाच्या गाठी रचायला ते मैदान म्युनिसिपालिटीकडे भाड्याने मागितले आहे. मैदान गेले तर पोरांना रस्त्यावाचून दुसरी जागा नव्हती.

मी सुटीत घरी आलो होतो. "तू कॉलेजवाला, तू लिख," असे सगळे म्हणाले. मी ओट्यावर बसून अर्ज लिहिला. मजकूर बराचसा आबांचा, भाषा माझी. शेवटी मी लिहिले, "तरी सदरहू जागा कृपा करून पडीतच ठेवावी." आमच्या घरात हा मानाचा शब्द. ज्या रानाला विसावा द्यायचा, ज्यात नांगर घालायचा नाही, ते पडीत. आळीभर सह्या आणि अंगठे झाले, अर्ज कचेरीत दिला. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "मना पोऱ्यानं लिखं शे."

गुरुवारी म्युनिसिपालिटीची सभा होती. मंगळवारी दुपारी कचेरीतल्या कारकुनांनी मला बोलावून घेतले. वयस्क, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी दोन कागद शेजारी ठेवले.

"हा अर्ज जागा वाचवायला केला आहे ना?"

"होय."

"मग पडीत कशाला लिहिलंत? आमच्या दप्तरात पडीत म्हणजे कोणाच्या उपयोगाची नाही ती जागा. ती भाड्यानं देता येते. हे पाहा, त्या व्यापाऱ्यानंही हाच शब्द लिहिला आहे. आता सभेत म्हणतील, आळीचंही तेच म्हणणं आहे."

तो एक शब्द खोडू द्या, असे मी म्हणालो. ते म्हणाले, "खाली लोकांचे अंगठे आहेत. उद्या पाचच्या आत दुसरा अर्ज आणा. पहिला मात्र मला काढता येणार नाही."

पांझरा नदीच्या पुलावर मी बराच वेळ थांबलो. गप्प राहिलो असतो तर कोणालाच कळले नसते. सभेचा निकाल लागला असता, लोकांनी व्यापाऱ्याला शिव्या दिल्या असत्या. हा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवीत नाही.

घरी येऊन आबांना सांगितले. ते हळूच म्हणाले, "तठे पडीतले काय म्हनतस?"

"राखीव. मुलांच्या खेळासाठी राखीव."

"मग तसं लिख."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारोदार गेलो. काय चुकले ते प्रत्येक दारी सांगावे लागे. कोणी पेरणीआधीच्या कामाला खेड्याकडे गेले होते, कोणी दारातच हात मागे घेतले. एका नानांनी सगळ्यांदेखत विचारले, "पहिला अंगठामा मैदान चाललं. आते मनं घर लिखी लेस का?" लोक हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. अक्कांनी मात्र मला बोलूच दिले नाही. अधू पायाच्या नातवाला मांडीवरून खाली ठेवून त्यांनी अंगठा पुढे केला. "लाव शाई, भाऊ. आते तरी बराबर लिख."

पाच वाजायला थोडा वेळ असताना मी कचेरीत पोचलो. पहिल्या अर्जापेक्षा अर्धेही अंगठे नव्हते. कारकुनांनी ते पाहिले आणि शिक्का मारला. गुरुवारची सभा पुढे ढकलली गेली, आणि माझी सुटी संपली.

पुण्याला वसतिगृहात मी रोज टपालाच्या वेळी खाली जाऊन उभा राही. घरची कार्डे धाकटी बहीण लिही, आबा सांगत. गावाकडच्या बैलाचे दुखणे, मामांचे येणे, सावद्याच्या आत्याकडचे लग्न. मैदानाचे एक अक्षर नसे. विचारायचे मला धैर्य होत नव्हते. दोन कार्डांवर प्रश्न लिहिला आणि दोन्ही कार्डे फाडली.

दिवाळीच्या थोडे आधी कार्ड आले. बहिणीने लिहिले होते: "सभेत आपले दोन्ही अर्ज वाचले. लढाई संपेपर्यंत मैदान गाठींना दिले. बाग राहिली, पण झोपाळ्याला फार गर्दी होते म्हणून मोठी पोरे रस्त्याच्या कडेला खेळतात. आळीतल्या माणसांनी पाळी लावली आहे. रोज संध्याकाळी एकाने लाल फडके घेऊन रस्त्यावर उभे राहायचे आणि लॉरी आली की पोरांना हाकारायचे. आज आबांची पाळी आहे, म्हणून कार्ड मी एकटीनेच लिहिले."